बोरहळ्ळीचं अत्तर

“न्हाय म्हंजे न्हाय!” रुद्रम्मानं मेणाचा डाव परातीत आपटला. “त्या माणसाकडं जायची वाट म्या तुला सांगायची न्हाय. पुन्ना इचारू नगंस.”

“का पण? सोनं पुरलंय तिथं?” सायराबीनं पदर कमरेला खोचला. “उरूस आठ दिवसांवर आलाय, अक्का. मुजावरानं दोनशे बत्त्या सांगितल्यात. वकील आण्णासाहेब, कधी कुणाच्या दारात न जाणारा माणूस, सोता दुकानाची पायरी चढून आला. म्हणतो, ती घरच्या वासाची मेणबत्ती हाय का? आता मी काय सांगू त्यांना? आमची अक्का रुसून बसली म्हणू?”

“अक्का मेली म्हण.”

“तोबा! जीभ हाय का विळा?”

“विळाच हाय. म्हणून तर एकटीनं एवढं रान कापत आले.”

“कापा की. तुमाला काय, मूठभर पीठ मळलं की झालं. आमच्या घरात अकरा तोंडं हायत खाणारी...”

बोलून गेली आणि सायराबीनं जीभ चावली. एकट्या बाईला तिचं एकटेपण असं तोंडावर मारायचं नसतं, हे तिला कळत होतं. पण माघार घेईल तर ती सायराबी कसली! ओठ घट्ट मिटून ती उंबऱ्याच्या आत पाटावर जाऊन बसली, आणि हातपंख्यानं वारा घेत म्हणाली, “बसले इथंच. रस्ता कळल्याबिगर उठणार न्हाय.”

रुद्रम्मानं तिच्याकडं पाहिलं. मग चुलीवरच्या पातेल्यात, वितळलेल्या मेणात पाहिलं. भांडण सकाळपासून चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर ते संपावं असं रुद्रम्माला वाटत नव्हतं. दोन महिन्यांनी या घरात माणसाचा आवाज आला होता. शिव्या का असेनात.

रुद्रम्मा नळदुर्गची मेणबत्तीवाली. बोरी नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत तिचं दोन खणांचं घर. वीस वर्षांपूर्वी नवरा मल्लिनाथ गेला, आणि त्या दुःखाचे दिवस सरायच्या आत तीन वर्षांचा लेक गेला. दीर-जावांनी तिला मुरुमला माहेरी धाडायला गाडीसुद्धा जुंपली. ही गाडीत बसलीच नाही. किल्ल्याच्या बुरुजांना आग्या मोहोळं लागतात; ती काढणाऱ्यांकडून मेण घ्यायचं, वितळवायचं, फडक्यातून गाळायचं, सुताची वात किती पिळायची आणि कुठं थांबायचं, हे सगळं ती हात भाजून घेत स्वतःच्या अकलेनं शिकली. कुणाच्या पायाशी बसून नव्हे. विधवेनं धंदा मांडावा का, यावर गाव बरेच दिवस बोललं. गावाला बोलायला लागतं काय!

सायराबी तिची भागीदार. दर्ग्याच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचं, सरदारचं, ऊद-फुलांचं दुकान होतं. मेणबत्त्या रुद्रम्मानं करायच्या, वाती सायराबीनं वळायच्या, आणि विकायचं काम तिच्या गोड जिभेनं करायचं, असा आठ वर्षांचा शिरस्ता.

मग लढाई लागली. निजामाच्या मुलखात घासलेट चिठ्ठीवर मिळायला लागलं, तेही अर्ध्या बाटलीच्या वर नाही. मेणबत्तीला दिवस आले. पण करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरून सोलापूरची पांढरी, सरळसोट मेणबत्तीही यायला लागली. तिच्यापुढं रुद्रम्माची पिवळी, जराशी वाकडी मेणबत्ती गावंढळ दिसायची. रुद्रम्मा एक रात्रभर विचार करत बसली आणि सकाळी सायराबीला म्हणाली, “त्यांच्यात नुस्ता उजेड हाय. आपून वास घालू.”

तिथून वासाचा शोध सुरू झाला. गुलाब, मोगरा कुणीही विकतं. आणि ज्योत लागली की गुलाबाची जळकी साखर होते. खस मेणात बुडून जाते. हिना पहिल्या घटकेला घर भरते आणि दुसऱ्या घटकेला डोकं धरायला लावते. तामलवाडीच्या एका माळ्याकडून तिनं दवणा आणला, आठ दिवस तेलात मुरवला. मेणबत्ती जळेपर्यंत देवाच्या गाभाऱ्यात बसल्यासारखं वाटलं आणि विझवली तर खवट धूर. रुद्रम्माची परीक्षा मोठी कडक. ती म्हणायची, वास तीनदा घ्यावा. बाटलीतला वास विकणाऱ्याचा असतो. मनगटावरचा आपला स्वतःचा असतो. मेणबत्ती विझवल्यावर धुरात जो राहतो, तो खरा. त्या तिसऱ्या परीक्षेत एकही तेल उतरेना.

अशात हैदराबादकडं निघालेला एक फिरता अत्तरवाला मोटारीची वाट बघत चिंचेखाली बसला होता. रुद्रम्मानं त्याची सगळी पेटी हुंगली आणि सगळी नापास केली. तो हसला. म्हणाला, “बाई, तुमच्या नाकाला पुरा पडणारा एकच माणूस ऐकलाय मी. बोरहळ्ळीत बसतो. बाबामियाँ. तो फुलाला हात लावत नाही. मातीचं अत्तर काढतो.”

“पावसाच्या मातीचं? ते म्या बघितलंय.”

“पावसाच्या नव्हे,” तो म्हणाला, आणि मोटार आली म्हणून उठून गेला.

“वासाचा शोध, तो अत्तरवाला, गावाचं नाव तेवढं सोडून सगळं मला ठावं हाय,” सायराबी पंखा थांबवून म्हणाली. “ते अत्तर आणलंत, बत्त्या केल्यात, लोकांच्या उड्या पडल्या. मग एकाएकी वासाचं काम बंद. का बंद, ते सांगा.”

“सांगते,” रुद्रम्मा म्हणाली. पातेल्याखालचं लाकूड तिनं मागं ओढलं. “आज सांगूनच टाकते. मदी बोलू नगंस.”

आणि तिनं सांगितलं.

बोरहळ्ळी नळदुर्गाहून चार कोस, नदीच्या वरच्या अंगाला. वैशाखाचं ऊन. भल्या सकाळी निघालेली रुद्रम्मा शिवारात पोचली तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. गावाच्या बाहेर, माळावर कडब्याची खोपटी दिसली, त्यांतून धूर निघत होता. तिथून एक बाई हातातला तांब्या हलवत ओरडली, “आत जाऊ नगं गं माय! उंदीर पडलेत! गाव बाहेर पडलंय!”

गाठीचा ताप आला की गावं अशीच बाहेर पडत. घरांना कुलपं लावायची, दारांवर बाभळीच्या काटेरी फांद्या ओढायच्या, आणि तापाची साथ ओसरेपर्यंत माळावर राहायचं. दुसरी कुणी असती तर तिथूनच परतली असती. पण चार कोस उन्हातून चालून उंदराला भिऊन माघारी जायचं, हे रुद्रम्माला पटलं नाही. त्या बाईचं नाव शांताक्का. तिनं कपाळाला हात लावला.

रुद्रम्मा वेशीतून आत गेली.

भर दुपारी रिकामं गाव कधी पाहिलंय? रात्रीला निदान अंधाराचा आडोसा असतो. दुपारी सगळं लख्ख दिसतं, आणि त्यात कुणीच नसतं. गल्लीतून तिच्या स्वतःच्या पावलांचा आवाज पुढं जाऊन भिंतीला लागून परत येत होता. कुत्रं नाही. कावळा नाही. एका ओट्यावर उलटं पडलेलं सूप, त्यात वाऱ्यानं गोळा झालेला पाला. उन्हाचा तेवढा एक सूक्ष्म सूर कानात वाजत होता.

आणि मग तिला वास आला.

तव्यावर फुगलेल्या ज्वारीच्या भाकरीचा. त्यामागं उतू गेलेल्या दुधाचा. त्यामागं ओल्या सारवणाचा, आणि अगदी शेवटी, तेल चोपडलेल्या लहान लेकराच्या टाळूचा. गाव बाहेर, चुली थंड, आणि कुठंतरी भरलं घर नांदत होतं. रुद्रम्माचे पाय आपोआप वळले. वास तिला बोट धरून घेऊन गेला, म्हणा ना.

शेवटच्या घराच्या परसात तांब्याची मोठी डेग चुलवणावर चढवलेली होती. तिच्या तोंडातून बांबूची नळी निघून पाण्यात बुडवलेल्या भांड्यात उतरली होती. शेजारी एक वाळका म्हातारा उकिडवा बसलेला. दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले.

“बैठो,” तो मागं न बघता म्हणाला. “डेग तापलीय. मला उठता येत न्हाय.”

रुद्रम्मा बसली. तिच्या नाकानं सवयीनं म्हाताऱ्याचाही वास घेतला. घामाचा, तंबाखूचा, कपड्याचा, कसला तरी. काहीच सापडलं नाही. भिंतीलाही वास असतो हो. या माणसाला नव्हता.

“सगळं गाव सोडून गेलं. तुमी एकटेच मागं ऱ्हायलात, बाबा?”

“गावच काढतोय,” तो म्हणाला.

नळीतून थेंब पडला. टप्. बराच वेळ दुसरा पडला नाही.

“माणूस गेला की त्याच्या घराचा वास आठ दिवस वाट बघतो,” बाबामियाँ सांगू लागला. आवाज इतका हळू की डेगेच्या उकळण्याखाली अर्धे शब्द बुडत होते. “मग जातो. वाया जायापेक्षा शिशीत घातलेला काय वाईट? चुलीपुढची माती घ्यायची, बेटी. जिथं बाई बसती, दूध उतू जातं, लेकरू रांगतं... तिथली. ती शिजवायची. चंदनाच्या तेलात धरायची.”

“लोकांच्या चुली उकरता तुमी?”

“ना.” त्यानं पहिल्यांदाच मान वळवली. “उकरून घेतलेल्या मातीत काय नसतं. घरच्या बाईनं आपल्या हातानं द्यावी लागते.”

“अन् बाया देतात?”

“चुलीच्या मातीला न्हाय कोण म्हणतं?”

खरंच होतं ते. कुणाच्या लेकराला गालगुंड झालं, कुणाला नवी चूल घालायची, कुणी दारात येऊन म्हणालं की चुलीची चिमूटभर माती द्या, तर आपल्याकडं बाई आधी माती देते, मग कशाला म्हणून विचारते. आणि गाव बाहेर पडताना तर घरोघरच्या बायांनी खोपटातली चूल रुजवायला जुन्या चुलीचं एकेक ढेकूळ उकरून घेतलंच होतं. वेशीत हा म्हातारा बसला होता. मूठभर मला द्या, खोपटात उंदीर फिरकायचा नाही अशी दुवा करतो, म्हणाला. सगळ्यांनी दिली.

त्याच्या मागच्या भिंतीत देवळ्या होत्या, आणि देवळ्यांतून बोटाएवढ्या शिशा ओळीनं मांडलेल्या. त्यातली एक त्यानं काढून दिली. दाम विचारला तर म्हणाला, “आधी लावून तर बघा.”

त्या एका शिशीतून पन्नास मेणबत्त्या झाल्या. मेण कडेनं गोठायला लागलं की त्यात काडीभर टाकायचं, एवढंच. आणि मग काय झालं, हे सायराबीनं स्वतःच पाहिलं होतं. आण्णासाहेबांनी मेणबत्ती लावली आणि कायद्याचं पुस्तक मिटून रडत बसले. म्हणाले, आईच्या माजघराचा वास आला. मुजावराला त्याच्या लहानपणीच्या घराचा आला. तालुक्याच्या शिपायाला, वाण्याला, सगळ्यांना आपापल्या घराचा. विझवल्यावर धुरात तर आणखी गडद.

“मलाबी आला होता,” सायराबी न राहवून म्हणाली. “अम्मीच्या घरचा.”

“मला न्हाय आला.”

“म्हंजे?”

“मला परक्याचं घर आलं, सायरा.” रुद्रम्मानं मेणाच्या पातेल्याकडं बघतच सांगितलं. “भरलेलं, नांदतं, पण परकं. सगळ्यांना आपापलं माणूस भेटत होतं, अन् म्या करणारी... म्या आपली दुसऱ्याच्या खिडकीतनं आत बघतेय, असं. त्यो वास बाकीच्यांना आपला वाटायला त्यांच्यापाशी घर तरी व्हतं. माझ्यापाशी काय व्हतं? दोन खण, चार भिंती अन् मेण.”

मग तिनं ठरवलं. धंद्यासाठी जातेय, नवी शिशी आणायला, असं स्वतःला बजावत ती ज्येष्ठात पुन्हा बोरहळ्ळीला गेली. पण जाताना खुरपं घेऊन चुलीपुढं बसली होती. वीस वर्षांत त्या जागी ती सारवणावर सारवण घालत आली होती. सगळ्यात खालचा थर मल्लिनाथ होता तेव्हाचा. तो लागेपर्यंत तिनं उकरलं. फडक्यात बांधलं.

बाबामियाँनं गाठोडं सोडलं नाही. “हातानं द्या,” म्हणाला.

तिनं दोन्ही हातांनी दिलं.

“घरात कोण कोण?”

“कुणी न्हाय. व्हते.”

“व्हते ते बी येतात,” म्हातारा म्हणाला.

डेग तापली. दुपार जागची हलेना. टप्... मग बऱ्याच वेळानं, टप्. आणि नळीच्या तोंडाशी पहिल्यांदा जो वास आला, त्यासरशी रुद्रम्मानं तोंडात पदर कोंबला. भर उन्हात, परक्या परसात, मल्लिनाथ येऊन उभा राहिला होता. भस्म, तंबाखू, बैलाच्या अंगाचा वास, पावसात भिजलेलं घोंगडं. आणि त्याच्या कडेवर एरंडेल चोपडलेली टाळू.

या शिशीतून तिनं चारच मेणबत्त्या केल्या. विकायला नाही. रोज दिवेलागणीला एक लावायची आणि डोळे मिटून बसायची. चार संध्याकाळी घर भरलेलं होतं. चौथ्या दिवशी तर तिनं भाकरी तीन माणसांची थापली होती, आणि ते आठवून सांगताना तिला लाज वाटली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी तवा काळा पडेपर्यंत भाकरी जळली आणि तिला कळलंच नाही. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. जळल्याचा वास नव्हता. तिनं कांदा फोडला, वास नाही. ऊद टाकला, नुसता धूर. दारातून बाहेर पाऊल टाकलं तर गल्लीतल्या शेणाचा, नदीच्या गाळाचा, सगळा वास जसाच्या तसा. आत पाऊल ठेवलं की काही नाही. कोऱ्या मडक्यासारखं घर.

दूधवाली उमाबाई आली. दारासमोरून पुढं गेली, मागं आली, पुन्हा पुढं गेली. रुद्रम्मा उंबऱ्यात उभी राहून हाका मारतेय, “अगं इथं! आंधळी झालीस का?” उमाबाईनं तिच्याकडं पाहिलं. म्हणजे, भिंतीकडं बघतात तसं पाहिलं. शेजारणीला विचारलं, “रुद्रम्माचं घर हितंच व्हतं न्हवं?” शेजारीण म्हणाली, “व्हय की... पलीकडं असंल.” आणि दोघी पलीकडं गेल्या.

बाजारात गाठ पडली की लोक नीट बोलत. कुठं असता, घरी येतो म्हणत. येत नसत. म्हणजे यायला निघत, गल्लीत फिरत, आणि परत जात. दाराच्या भेगेतून ती बघत बसायची. रोज येणारं मांजर पहिल्याच दिवशी गेलं. नैवेद्याच्या घासाला कावळा शिवला नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, बाहेरून येताना तिचं स्वतःचंच दार तिला ओळखू येईना. विहिरीपासून चाळीस पावलं मोजायची आणि भिंतीवर हात फिरवत जायचं. हाताला कडी लागली की घर.

“मग तुमी परत गेला असाल त्याच्याकडं,” सायराबी पुटपुटली. पंखा केव्हाच मांडीवर पडला होता.

“गेले तर! त्याची दाढी उपटायला गेले व्हते.”

आषाढात गेली ती. पाऊस पडून गेला होता, साथ ओसरली होती, बोरहळ्ळी माळावरून गावात परतली होती. पण परतली म्हणायची कशी? गल्ल्यांमधून गाड्या उभ्या होत्या, वर अंथरुणं, भांडी तशीच बांधलेली. बाया कडेवर घागरी घेऊन भिंतींपुढं ताटकळत होत्या. माणसं आपल्याच गल्लीत परक्यासारखी फिरत होती. आरडाओरडा नाही, रडणं नाही. ती शांतताच भयंकर होती.

शांताक्का तिला बघून पुढं आली. तिचा हात थंड होता.

“माय, तुला माझं दार दिसतंय का गं?”

रुद्रम्मानं पाहिलं. समोरच होतं. निळं दार, चौकटीला वाळलेलं तोरण. “हे काय! तुझ्या नाकासमोर.”

“मला भित्ताड दिसतंय,” शांताक्का म्हणाली. “बाकीच्यांची दारं दिसतात. हणमंतप्पाचं दिसतंय, गुरवाचं दिसतंय... माझंच तेवढं दिसत न्हाय.”

सगळ्यांचं असंच. ज्याचं घर गेलं त्याला दुसऱ्याची गेलेली घरं स्वच्छ दिसत होती, आपलं तेवढं नाही. मग ते लोक एकमेकांना हाताला धरून घरी सोडत होते. हणमंतप्पानं गुरवाला सोडायचं, गुरवानं शांताक्काला. पाण्याला बाहेर पडलं की पुन्हा हरवायचं, पुन्हा कुणीतरी सोडायचं. आणि ज्यांची घरं शाबूत होती त्यांना तर यातलं काहीच दिसत नव्हतं. शांताक्काचा भाऊ मुरुमहून धान्य घेऊन आला होता. वेशीतून आत आला, तिच्यासमोर उभा राहिला, म्हणाला, “आक्का, तू इथं माळावर का उभी? घरी चल की. घर कुठाय?” संध्याकाळपर्यंत फिरला आणि गाडी वळवून गेला.

बाबामियाँचं परस रुद्रम्माला सापडलं. डेग नव्हती. चुलवणातली राख वरवर हात धरला तर कोमट. देवळ्या रिकाम्या, धुळीत शिशांच्या बुडांचे गोल तेवढे उमटलेले, एकाला एक लागून, गावात जेवढे उंबरे तेवढे. शांताक्का म्हणाली, तो आमच्या गावचा नव्हताच. पहिला उंदीर पडला त्याच्या आदल्या दिवशी आला होता. शिशा घेऊन तो गेला, आणि त्यांच्याबरोबर दारंही गेली.

“बस, एवढंच,” रुद्रम्मा म्हणाली. “म्हणून काम बंद. म्हणून वाट सांगत न्हाय. शिव्या दे, भागीदारी मोड, पण ते अत्तर म्या कुणाच्या घरात जाऊ देणार न्हाय. अन् तुझ्या घरात तर न्हायच न्हाय. कळलं?”

चुलीत एक निखारा फुटला तशी सायराबी दचकली. मग तिनं घसा खाकरला, पदर सारखा केला आणि हसायचा प्रयत्न केला.

“अक्का... बुरा मत मानो. पण एकटं ऱ्हाऊन ऱ्हाऊन माणसाच्या डोक्यात असं काय काय येतं. तुमी माझ्याकडं चला. चार दिवस लेकरांत ऱ्हावा. पोरं जीव खातील तुमचा, पण डोकं ठिकाणावर येईल.”

“म्या खोटं बोलते?”

“खोटं न्हाय म्हणत. पण बघा ना!” तिचा आवाज पुन्हा चढला, भांडणाची वाट सापडताच तिला धीर आला. “म्हणे माझं दार कुणाला दिसत न्हाय! रस्ता सांगायचा न्हाय तर न्हाय म्हणा, एवढी रामकहाणी कशाला? मला तर दिसलं की! गल्लीत वळले, अन् समोर दार. सरळ चालत आत आले. का मी भिंतीतनं आले?”

सकाळी पायरीवर चपलांचा आवाज झाला होता, तेव्हाच, हिला आपलं दार कसं दिसलं, हे रुद्रम्माला उमगलं होतं. पण त्याच्याही आधी, क्षणभर आधी, तिला आनंद झाला होता. माणूस आलं, आपलं माणूस आलं! त्या आनंदापायी तिनं सकाळपासून हे भांडण पेटतं ठेवलं होतं, एकेक काडी घालत. हे बोललं की सायराबी उठून पळत सुटणार, हे तिला ठाऊक होतं. पळून कुठं जाणार, हेही.

मेणावर साय धरली होती. तिनं पातेलं खाली उतरवलं, हात पुसले, सायराबीसमोर जमिनीवर बसली आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“सायरा,” ती म्हणाली, “चुलीची मूठभर माती मागायला एक म्हातारा तुझ्या दारात येऊन गेला, त्याला किती दिवस झाले?”